दगडाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. सातारकरांनी यातली निम्मी म्हण केव्हाच मोडीत काढली आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी ओंजळीत घ्यायचे, ‘हेच कृष्णेचे मूळ’ म्हणून लेकराबाळांना दाखवायचे आणि परतताना वाईच्या घाटावर त्याच नदीत पाय सोडून बसायचे, हा आमच्याकडच्या सहलीचा ठरलेला क्रम. राहिले कूळ. हे छोटेखानी पुस्तक एका कुळाच्या चौकशीतून निघाले आहे. फक्त ते ऋषीचे नाही, दगडाचे आहे.

१८७९ साली वाईच्या आसपासच्या मुलखात आकाशातून एक दगड पडला. वजन साडेचार किलोच्या घरात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरवंट्याच्या जातकुळीतला. आकाशात क्षणभर चमकून विझते ती उल्का. जळून उरलेला जो भाग जमिनीपर्यंत पोहोचतो त्याला आपण अशनी म्हणतो. अशनींच्या जागतिक यादीत हा दगड ‘कळंबी’ या नावाने आहे, आणि नावापुढे प्रकार लिहिला आहे: एच-५. तेच हे वर्ष, ज्यात वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि सावकारी पाशात अडकलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने कायदा केला. तो कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. एवढ्या गडबडीत एका दगडाकडे कोण बघणार? तरी कोणीतरी बघितले, उचलला, पुढे पाठवला. त्या अनाम माणसाचे उपकार आहेत.

नावाबद्दल थोडे थांबतो, कारण पुढे नावांचाच प्रश्न वारंवार येणार आहे. अशनीला नाव देण्यात कोणाच्या मर्जीला वाव नसतो. जिथे पडला त्या जवळच्या गावाचे नाव त्याला लागते. नागपूरकडे २०१२ च्या मे महिन्यात पडले ते ‘काटोल’. आपल्या दगडाचे नाव जगभरच्या संग्रहालयांत रोमन लिपीत लिहिलेले असते आणि रोमन लिपीला ‘ळ’ माहीत नाही. परदेशी अभ्यासक ‘कलांबी’ म्हणत असतील, म्हणू देत. ज्या गावाच्या नावात कळंबाचे झाड उभे आहे, त्याचा उच्चार कृष्णाकाठच्या माणसाला शिकवावा लागत नाही. गंमत म्हणजे सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातही एक कळंबी आहे, आणि तिथल्या लोकांनी हा दगड आपलाच म्हणून सांगितला तर मला फारसे वाईट वाटणार नाही. दगड साताऱ्याचा आहे, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

आपण दगडांच्याच देशात राहतो. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, अजिंक्यताऱ्याचा तट, सगळा काळा पाषाण. तो लाव्हा थंड होऊन बनला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. माणसाच्या हिशेबात हे फार म्हातारे वय. पण कळंबीच्या जातीच्या दगडांचे वय ४५६ कोटी वर्षांच्या आसपास निघते. पृथ्वी पुरती घडण्याआधीचा तो ऐवज. त्यात धूलिकणांच्या ढगात वितळून गोठलेले बारीक गोल मणी असतात, लोखंड-निकेलचे कण असतात. ‘एच’ म्हणजे लोह भरपूर; ‘५’ म्हणजे मूळ पिंडाच्या पोटात हा दगड बराच भाजून निघाला होता, पण वितळला नव्हता. इथे एक इशारा देऊन ठेवतो. चुंबक चिकटला म्हणून दगड अशनी ठरत नाही. सह्याद्रीचा काळा दगडही चुंबकाला थोडाबहुत ओढतो, वजनदार असतो आणि शेतात नांगराला लागला की आकाशातून पडल्यासारखाच दिसतो. असे दगड पिशवीत घालून आणणारे लोक मला दर पावसाळ्यानंतर भेटतात. चहा पाजून परत पाठवतो.

तर, हा भाजलेला दगड कोणाच्या पोटातला? त्याचे उत्तर मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

त्या पट्ट्यातला पहिला पिंड सापडला तो १ जानेवारी १८०१ या दिवशी, सिसिलीतल्या पालेर्मो इथे. जुझेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत होता. त्यातला एक ठिपका रोज थोडा सरकू लागला. त्याने नाव ठेवले ‘सेरेस फर्दिनांदेआ’: पहिला शब्द शेतीच्या देवीचा, दुसरा आपल्या राजाचा. बाकीच्या युरोपने देवी ठेवली, राजा गाळला. फेब्रुवारीत पियाझ्झी आजारी पडला आणि ठिपका सूर्याच्या उजेडात हरवला. जेमतेम ४१ दिवसांची निरीक्षणे हाती. त्यावरून २४ वर्षांच्या गाऊसने कक्षा काढली, आणि वर्षअखेर त्याने सांगितलेल्या जागेच्या आसपासच सेरेस पुन्हा सापडला. कक्षा काढणे म्हणजे काय, तर हरवलेले माणूस कोणत्या वाटेने, कोणत्या दिवशी कुठल्या गावी मुक्कामाला असेल ते दोन-तीन भेटींवरून सांगणे. हर्षेलने या नव्या पिंडांना इंग्रजीत जे नाव दिले त्याचा अर्थ ‘ताऱ्यासारखे’ असा होतो. ते तारे तर नाहीतच. आपला ‘लघुग्रह’ हा शब्द त्याहून खरा आहे, आणि तो जिथे घासूनपुसून कोशात बसला त्या मराठी विश्वकोशाचे काम चालले वाईतच. दगड पडला त्याच मुलखात त्याच्या जातीचे शास्त्रही मराठीत उतरले. हा योगायोग मला फार आवडतो, त्यातून काही सिद्ध होत नसले तरी.

१८०१ हे साल सांगलीकरांनाही परके नाही. काका गंगाधररावांशी न पटल्याने चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेच्या जहागिरीतून आपला वाटा वेगळा केला आणि सांगलीचे संस्थान उभे राहिले, ते याच साली. पटवर्धनांच्या वाटण्या पुढेही चालू राहिल्या. मिरजेची थोरली पाती, धाकटी पाती, कुरुंदवाडची थोरली, धाकटी, जमखंडी वेगळी. आडनाव एक, दैवत एक, सरहद्दी मात्र एकमेकींत घुसलेल्या. हा इतिहास इथे उगाच आणलेला नाही. लघुग्रहांची कुळे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण मला सापडले नाही.

१९१८ साली कियोत्सुगु हिरायामा या जपानी खगोलज्ञाच्या लक्षात आले की पट्ट्यातले काही लघुग्रह जवळजवळ सारख्या कक्षांतून फिरतात. सूर्यापासूनचे सरासरी अंतर सारखे, कक्षेचा लांबटपणा सारखा, कलही सारखा. आपसांत त्यांची भेट नाही, पण चाल एक. म्हणजे कधीकाळी एकच पिंड होता, टक्कर झाली, वाटण्या झाल्या. अशा गटांना त्याने कुळे म्हटले. पट्ट्यातली भाऊबंदकी, दुसरे काय! त्याने दाखवलेल्या पहिल्या कुळांतले एक कोरोनिसचे. ते नाव लक्षात ठेवा.

आता कळंबीच्या दगडाचा पहिला संशयित. हा लघुग्रह शोधला एका पोस्टातल्या माणसाने. कार्ल हेन्के प्रशियातल्या ड्रीझन या छोट्या गावी टपाल खात्यात होता. १८०७ साली चौथा लघुग्रह सापडल्यावर मोठ्या वेधशाळांनी नाद सोडला होता. हेन्केने १८३० च्या सुमारास घरच्या दुर्बिणीतून ताऱ्यांचे नकाशे ताडून पाहायला सुरुवात केली. नकाशात नसलेला ठिपका दिसतो का, एवढेच. पंधरा वर्षे काही नाही. मग डिसेंबर १८४५ मध्ये पाचवा लघुग्रह मिळाला, आणि १ जुलै १८४७ ला सहावा. त्याचे नाव ठेवण्याचा मान हेन्केने आपणहून गाऊसला दिला. गाऊसने ‘हीबी’ सुचवले: ग्रीकांची तारुण्याची देवी, देवांना पेले भरून देणारी. म्हणून तिचे चिन्ह पेला ठरले. पुढे लघुग्रह इतके वाढले की चिन्हे काढता काढता लोक कंटाळले आणि नुसते क्रमांक आले. ६ हीबी.

त्याच १८४७ च्या ऑक्टोबरात पदच्युत प्रतापसिंह महाराज काशीला वारले, पुढच्या एप्रिलात साताऱ्याच्या गादीवरचे आप्पासाहेबही गेले, आणि डलहौसीने राज्य खालसा केले. साताऱ्यात तेव्हा दत्तकाचा वारस मानायचा की नाही यावर कागद रंगत होते. वारसा सिद्ध करणे किती अवघड असते हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको.

हीबीचा वारसा तरी सिद्ध होतो का? त्यासाठी तिची कक्षा पाहावी लागते, आणि ती सांगायला मी कृष्णाकाठाचीच मदत घेणार आहे.

गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी आपली श्रद्धा. ते कन्यागत. नरसोबाच्या वाडीला, वाईला, घाटाघाटांवर स्नानाला गर्दी लोटते. मागचे कन्यागत २०१६ च्या ऑगस्टात लागले. पुढचे २०२८ मध्ये. म्हणजे गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला बारा वर्षांना थोडी कमी, ११.८६ वर्षे लागतात, हे आमच्या आजीला दुर्बिणीशिवाय पाठ होते. आता कल्पना करा, की एखादा लघुग्रह सूर्यापासून अडीच खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वीच्या अडीचपट अंतरावर फिरतो आहे. एका कन्यागतापासून दुसऱ्यापर्यंत त्याच्या बरोब्बर तीन फेऱ्या होतात. हीच त्याची आपत्ती. दर तिसऱ्या फेरीला गुरूची ओढ त्याला कक्षेच्या त्याच त्या ठिकाणी लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्यासारखी ती साठत जाते, कक्षा लांबट होत जाते, आणि दहा-वीस लाख वर्षांत तो मंगळाच्या, मग पृथ्वीच्या वाटेत शिरतो. म्हणून अडीचच्या अंतरावर पट्टा जवळजवळ रिकामा आहे. ही रिकामी जागा डॅनियल कर्कवुड या अमेरिकन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हेरली होती. तिथे जो गेला तो बाहेर फेकला गेला.

हीबी सूर्यापासून सरासरी २.४३ एककांवर आहे. एक फेरी ३.७८ वर्षांची, दोन कन्यागतांच्या मध्ये तीन फेऱ्या आणि चौथीची नुसती सुरुवात. कक्षा बरीच लांबट, सूर्याच्या जवळ आली की १.९३ एकके, लांब गेली की २.९२. पृथ्वीच्या कक्षेशी कल पावणेपंधरा अंश, म्हणून ती राशीचक्राच्या रस्त्यावरून बरीच वरखाली भटकते. व्यास १९० किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याहून सांगली गाठून पुढे कोल्हापूरला वळावे इतका. आणि ती अगदी त्या रिकाम्या जागेच्या काठावर आहे. तिच्यावर टक्कर झाली, ढलपे उडाले, की ते सहज त्या भोवऱ्यात पडणार. १९९८ साली गॅफी आणि गिल्बर्ट या अभ्यासकांनी सविस्तर मांडले की एच प्रकारच्या अशनींची आई हीबीच असावी: तिच्यावरून परतणारा सूर्यप्रकाश या दगडांशी जुळतो आणि तिची जागाही मोक्याची. बरीच वर्षे हे उत्तर सर्वमान्य होते. मीही शाळांतल्या व्याख्यानांत ठासून सांगत असे.

एकदा प्रतियुतीच्या दिवसांत यवतेश्वरच्या पठारावरून तिला पाहिलेही. साध्या द्विनेत्रीतून, तीन रात्री, हेन्केच्या पद्धतीने: वहीत ताऱ्यांचे ठिपके काढायचे आणि दुसऱ्या रात्री ताडून बघायचे. पहिली रात्र काहीच कळले नाही. दुसरीला वाटले की माझेच चित्र चुकले. तिसऱ्या रात्री एक ठिपका पहिल्या जागेवरून बोटभर सरकलेला होता. खाली साताऱ्याचे दिवे होते, आणि मी त्या ठिपक्याला मनातल्या मनात ‘कळंबीची आई’ म्हणून मोकळा झालो होतो.

ते घाईचे झाले. २०१७ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने हीबीचे रूप इतके स्पष्ट टिपले की तिच्यावरचे खोलगट भाग मोजता आले. सर्वांत मोठ्या खळग्यातून निघालेला माल हिशेबाला पुरेना. एच जातीच्या ज्ञात लघुग्रहांचा साठा त्याच्या पाचपट होता. मग २०२४ मध्ये दुसरा दावा पुढे आला, की आज पृथ्वीवर पडणाऱ्या एच अशनींपैकी बहुतेक कोरोनिसच्या कुळातून येतात. १५८ कोरोनिस हा लघुग्रह बर्लिनच्या व्हिक्टर क्नोरेने ४ जानेवारी १८७६ ला शोधला होता, आपला दगड पडायच्या जेमतेम चार वर्षे आधी. हे कूळ फार जुने, पण त्यात अलीकडे पुन्हा वाटण्या झाल्या. एक सुमारे ५८ लाख वर्षांपूर्वी. तिच्या गटाला ८३२ करीन या लघुग्रहाचे नाव आहे. दुसरी पाऊण कोटी वर्षांपूर्वीची. थोरली पाती, धाकटी पाती! नुकत्या फुटलेल्या घरात जसा पसारा, तशी इथे ढलप्यांची रेलचेल. आणि एच अशनी उघड्या अवकाशात किती काळ भटकले, हे त्यांच्यावर झालेल्या विश्वकिरणांच्या माऱ्यावरून मोजले, तर पुष्कळांचा आकडा ७० ते ८० लाख वर्षे येतो. हिशेब जुळतो.

मग कोरोनिसच्या दूरच्या कक्षेतून ढलपा आत येतो कसा? यात सूर्याचा हात आहे. माण-खटावात उन्हाळ्यात संध्याकाळी बांधावरच्या दगडावर बसून बघा. ऊन उतरले तरी दगड भाजतो. फिरणाऱ्या छोट्या पिंडाची अशीच ‘संध्याकाळची’ बाजू जास्त तापलेली असते आणि उष्णता बाहेर फेकताना त्याला हलकासा रेटा बसतो. रेटा नगण्य, पण लाखो वर्षे न थांबता. त्याने ढलपा हळूहळू सरकत एखाद्या भोवऱ्याच्या तोंडाशी येतो. पुढचे काम गुरूचे, किंवा शनीचे.

एकट्या कळंबीच्या दगडावर मात्र यातले कोणतेही नाव कोरून ठेवता येत नाही. जातीचे कूळ सांगता येते, व्यक्तीचे नाही. माझा स्वतःचा कल कोरोनिसकडे झुकला आहे. तरी हीबीला मी सोडचिठ्ठी दिलेली नाही, हे वाचकाला दोन प्रकरणांनंतर जाणवेलच.

नावांविषयी राहिलेले सांगतो. लघुग्रह दिसला की आधी त्याला तात्पुरती खूण मिळते: साल, पंधरवड्याचे अक्षर, त्या पंधरवड्यातला अनुक्रम. बऱ्याच निरीक्षणांनंतर कक्षा पक्की झाली की क्रमांक. क्रमांकानंतर शोधकाला दहा वर्षे नाव सुचवता येते आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती ते मान्य करते. नाव १६ रोमन अक्षरांत मावले पाहिजे. राजकारणी आणि सेनानी यांना मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते, ही अट मला विशेष शहाणपणाची वाटते. आमच्या छत्रपतींना ती अडवत नाही. ‘छत्रपतीशिवाजी’ लिहायला मात्र अठरा अक्षरे लागतात. हा सगळा प्रवास वर्षानुवर्षांचा. म्हणून ‘आमच्या शाळेतल्या मुलांनी लघुग्रह शोधला’ अशी बातमी आली की मुलांचे कौतुक जरूर करावे, पण ती पहिली नोंद आहे, बारसे अजून लांब आहे, हेही त्यांना सांगावे. पैसे घेऊन आकाशात नाव देऊ म्हणणाऱ्यांना तर दारातच उभे करू नये.

आपल्याकडची नावे तिथे आहेत. सांगलीच्या गणपतीच्या भक्तांसाठी: क्रमांक २४१५ चा लघुग्रह गणेशाच्या नावाचा आहे, मुख्य पट्ट्यातला, १९७८ साली शोधलेला. आणि अमेरिकेतल्या पालोमार पर्वतावरून आज जी स्वयंचलित पाहणी दर दोन-तीन रात्रींत उत्तरेचे सारे आकाश टिपते, तिची उभारणी करणारे श्रीनिवास कुलकर्णी १९५६ साली जन्मले कुरुंदवाडला. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी. शाळा हुबळीत, पुढे दिल्ली, अमेरिका. त्या पाहणीने ४ जानेवारी २०२० ला असा एक लघुग्रह पकडला, जो शुक्राच्या कक्षेच्याही आत राहून फिरतो. असा तो पहिलाच. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला एकाहत्तरावा, म्हणून खूण ‘२०२० एव्ही२’. पुढे पालोमारच्या परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचे बारसे झाले. नावाचा अर्थ ‘शुक्रकन्या’. हेन्केला एका ठिपक्यासाठी पंधरा वर्षे लागली होती. पट्ट्यातले आणि पट्ट्याबाहेरचे मिळून आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रह माहीत आहेत.

पुढची पाने कृष्णेच्या क्रमानेच लावली आहेत: वाईपासून खाली माहुली, कऱ्हाड, सांगली, वाडी. गणित जिथे अटळ होते तिथे ते चौकटीत टाकले आहे, ज्याला नको त्याने ओलांडून जावे. २०१६ च्या कन्यागताला मी वाडीच्या घाटावर होतो. संध्याकाळी पश्चिमेला गुरू दिसायला हवा होता, पण नदीवर ढग दाटले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ ओल्या धोतराने उभे होते. आकाशाकडे बघत ते म्हणाले, “दिसत नसला तरी आलाय तो.”